रंग, हस्तक्रिया आणि अवकाश : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रभाषेचा परिचयात्मक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक शहराला जलरंगातील निसर्गचित्रणाची समृद्ध परंपरा लाभलेली आहे. रामकुंड, नारोशंकराचे मंदिर, गोदाघाटावरील पायऱ्या, जुन्या नाशकातील वाडे आणि त्यांवर पडणारे सकाळचे ऊन हे विषय येथील चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहेत. शिवाजी तुपे यांच्यासारख्या कलावंतांच्या निसर्गचित्रांनी या शहरातील सर्वसामान्य रसिकाची दृष्टी घडविली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. परिणामी येथील प्रेक्षक चित्रापुढे उभा राहतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न 'हे चित्र कोठले?' असा असतो. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की चित्र 'समजले' असे त्याला वाटते.

अमूर्त चित्रापुढे मात्र हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. तेथे घाट नसतो, देऊळ नसते, माणूसही नसतो. असतात ते केवळ रंग आणि ते रंग तेथे आणणाऱ्या हाताच्या खुणा. अशा वेळी प्रेक्षक दोनपैकी एक भूमिका घेतो. एक तर 'यात काही नाही, हे कोणालाही जमेल' असे म्हणून तो पुढे जातो. किंवा 'यात काही तरी गूढ आहे, ते आपल्याला कळणारे नाही' असे मानून दुरूनच नमस्कार करतो. वरवर पाहता या भूमिका परस्परविरोधी आहेत. परंतु दोन्हींमध्ये प्रत्यक्ष पाहणे टाळले जाते, हे त्यांच्यातील साम्य होय.

प्रस्तुत लेखात वासुदेव सं. गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांच्या आधारे अमूर्त चित्रकलेतील रंग व हस्तक्रिया यांचे परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. गायतोंडे यांची निवड करण्यामागे एक विशेष कारण आहे. त्यांच्या चित्रांत चित्रकाराचा हात प्रथमदर्शनी दिसतच नाही. रंग जणू आपोआप पृष्ठावर प्रकटला आहे, असा भास होतो. हा भास निर्माण करण्यासाठी हाताला नेमके काय करावे लागले, याचा शोध घेतल्यास अमूर्त चित्र पाहण्याची एक रीत हाती लागते.

संज्ञांचा विचार

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी तीन संज्ञांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिली संज्ञा 'अमूर्त'. दृश्य वस्तूचे तपशील वगळत वगळत तिचे सार उरविणे, या अर्थाने ही संज्ञा वापरली जाते. झाडाचे चित्र काढताना पाने, फांद्या, साल हे सर्व वगळून केवळ उभी रेषा उरविली, तर ते झाडाचे अमूर्तीकरण होय. येथे प्रारंभबिंदू म्हणून झाड असतेच.

दुसरी संज्ञा 'वस्तुनिरपेक्ष' किंवा 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह'. या प्रकारात प्रारंभबिंदू म्हणूनही बाह्य वस्तू नसते. रंग, आकार व पोत यांच्यापासूनच चित्र सुरू होते आणि त्यांच्यातच संपते. गायतोंडे आपल्या चित्रांसाठी 'अमूर्त' याऐवजी 'वस्तुनिरपेक्ष' हीच संज्ञा योग्य मानीत. हा केवळ शब्दांचा भेद नाही. आपल्या चित्रात लपलेले झाड वा डोंगर शोधू नये, अशी सूचनाच त्यातून मिळते.

तिसरी संज्ञा 'हस्तक्रिया'. इंग्रजी कलासमीक्षेतील 'जेश्चर' या शब्दासाठी प्रस्तुत लेखात ती योजली आहे. मराठीत यासाठी 'फटकारा' हा शब्द रूढ आहे. तथापि फटकारा हा हस्तक्रियेचा एक प्रकार झाला. रंग ओढणे, ओतणे, पसरणे, खरवडणे, पुसणे, टिपून घेणे या सर्वच हस्तक्रिया आहेत. चित्राच्या पृष्ठावर हाताने, मनगटाने, खांद्याने जे जे केले आणि ज्याची खूण मागे राहिली, ते सर्व या संज्ञेत अंतर्भूत होते.

वस्तुनिरपेक्षता ही मराठी प्रेक्षकाला सर्वस्वी अपरिचित आहे, असेही नाही. महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी शालेय वयात एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. त्यांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांच्या जोडीला संकल्पचित्र हाही विषय असतो. संकल्पचित्रात जांभळ्याशेजारी पिवळा ठेवताना तो पिवळा कशाचा, असे कोणी विचारत नाही. तो जांभळ्याशेजारी कसा दिसतो एवढेच पाहिले जाते. त्याचप्रमाणे पैठणीचा पोत पाहताना तिच्यात देखावा शोधला जात नाही. म्हणजेच रंगाकडे रंग म्हणून पाहण्याची क्षमता प्रेक्षकापाशी असतेच. चौकटीतील चित्रापुढे उभे राहिल्यावर मात्र तो ती वापरीत नाही.

गायतोंडे यांची जडणघडण

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे. बालपणाचा काही काळ गोव्यात व पुढील काळ मुंबईत गिरगावात गेला. १९४३ ते १९४८ या काळात त्यांनी सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण घेऊन पदविका प्राप्त केली. या काळात भारतीय लघुचित्रपरंपरेचा, विशेषतः जैन हस्तलिखितांतील व पहाडी शैलीतील चित्रांचा त्यांच्यावर प्रभाव होता. सपाट रंगक्षेत्रे आणि त्यांना वेढणारी ठाम रेषा हे त्यांच्या आरंभीच्या मानवाकृतिप्रधान चित्रांचे वैशिष्ट्य दिसते.

१९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी पुढे त्यांचा संबंध आला. पन्नासच्या दशकात स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. क्ले यांच्या चित्रांत रेषा ही वस्तूची सीमा राहत नाही. ती स्वतंत्रपणे भटकते आणि रंग तिच्याभोवती पसरतो. गायतोंडे यांच्या या काळातील चित्रांत आकृती हळूहळू खुणांमध्ये विरघळताना दिसते. १९५७ साली टोकियो येथे भरलेल्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. याच सुमारास मुंबईतील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत त्यांचा स्टुडिओ होता. चित्रकला, नाट्य व संगीत या तिन्ही क्षेत्रांतील कलावंत एकाच वास्तूत काम करीत असल्याने ही संस्था त्या काळातील मुंबईच्या कलाजीवनाचे एक केंद्र बनली होती.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांतून आकृती पूर्णपणे नाहीशी झाली. न्यूयॉर्क येथील म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात असलेले 'पेंटिंग, ४' हे चित्र १९६२ सालचे आहे. चित्राला विषयसूचक शीर्षक देण्याऐवजी क्रमांक देणे किंवा शीर्षकच न देणे, ही पद्धतही वस्तुनिरपेक्ष भूमिकेशी सुसंगत अशीच होती. १९६४ साली जॉन डी. रॉकफेलर तृतीय निधीची अभ्यासवृत्ती मिळाल्याने त्यांना न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य करता आले व तेथील समकालीन अमूर्त चित्रे प्रत्यक्ष पाहता आली. १९७१ साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. १९७२ मध्ये ते मुंबई सोडून दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन भागातील एका छोट्या जागेत अखेरपर्यंत अत्यंत मितभाषी जीवन जगले.

रंग : थर आणि प्रकाश

गायतोंडे यांच्या चित्रांतील रंगाचे आकलन होण्यासाठी जलरंगाचे उदाहरण उपयुक्त ठरते. जलरंगातील पातळ थरातून प्रकाश आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. गोदाघाटाच्या चित्रातील पाणी उजळ दिसते ते पांढऱ्या रंगामुळे नव्हे, तर खालच्या कागदामुळे. याउलट अपारदर्शक रंगाचा थर प्रकाश आत जाऊ देत नाही. तो पृष्ठावरूनच परततो.

गायतोंडे यांनी तैलरंगात या दोन्ही गुणधर्मांचा उपयोग केला. त्यांच्या प्रगल्भ काळातील चित्रांत रंगाचे अनेक पातळ थर एकावर एक दिलेले असतात. वरून पाहता चित्र एकाच रंगाचे वाटते : राखी, हिरवट निळे, गेरू किंवा तांबूस. परंतु काही क्षण टक लावून पाहिल्यास त्या एका रंगाच्या आत दुसरा व त्याच्याही आत तिसरा रंग असल्याचे जाणवू लागते. वरचा थर कोठे दाट असतो, कोठे विरळ. विरळ जागी खालच्या रंगाचा प्रकाश वर येतो. त्यामुळे हा उजेड एखाद्या दिशेने चित्रावर पडला आहे असे न वाटता तो चित्राच्या आतून येत आहे असे वाटते.

या कार्यपद्धतीत काळ हा घटकही महत्त्वाचा आहे. तैलरंगातील जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जाऊन सुकत नाही; हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. या क्रियेला काही दिवस, जाड थर असल्यास काही आठवडेही लागतात. खालचा थर पुरेसा सुकल्याखेरीज वरचा पारदर्शक थर देता येत नाही. दिल्यास दोन्ही मिसळून रंग गढूळ होतो. म्हणजेच प्रत्येक थरानंतर थांबणे ही सक्तीच असते. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच, साधारणपणे पाच-सहा चित्रे करीत. त्यांच्या संथ निर्मितीचा उल्लेख बहुधा त्यांच्या अलिप्त, ध्यानशील स्वभावाचा पुरावा म्हणून केला जातो. तो स्वभाव नाकारण्याचे कारण नाही. झेन विचार, तसेच रमण महर्षी व निसर्गदत्त महाराज यांच्या शिकवणीविषयी त्यांना आस्था होती. तथापि त्यांच्या माध्यमाची मागणीही तीच होती, हे विसरता कामा नये.

रंगाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेणे इष्ट ठरेल. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील गोबेलिन्स या विणकाम कारखान्यातील रंगशाळेचे प्रमुख रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे तक्रार आली, की कारखान्यातील काळ्या धाग्याचा रंग फिका दिसतो. तपासणीअंती दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांच्या रंगांत असल्याचे त्यांना आढळले. एक रंग दुसऱ्याच्या शेजारी बदललेला दिसतो, हा सिद्धांत त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा विणकर हे तत्त्व हातानेच जाणतो. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा व आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. पदर हलला की कधी एक रंग वर येतो, कधी दुसरा, आणि दोहोंच्या मधला असा एक तिसराच रंग डोळ्यांना दिसतो. तो तिसरा रंग कोणत्याही धाग्यात नसतो. गायतोंडे यांच्या चित्रांतील रंगही असाच अनेक थरांच्या संबंधातून निर्माण होतो. पैठणीत पदर हलतो. चित्रासमोर प्रेक्षकालाच हलावे लागते, एवढाच काय तो फरक.

हस्तक्रिया : ठेवणे आणि उचलणे

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. इतके थर देणारा हात चित्रात दिसत का नाही?

याचे पहिले उत्तर त्यांच्या साधनांत आहे. कुंचल्याच्या केसांच्या रेघा रंगात उमटतात. त्यावरून हात कोणत्या दिशेने व किती वेगाने फिरला हे वाचता येते. गायतोंडे यांनी साठच्या दशकापासून रोलर व पॅलेट नाइफ या साधनांवर भर दिला. रोलर रंग समान दाबाने पसरतो, नाइफ तो सपाट करते किंवा खरवडून काढते. दोन्ही साधने हाताची वैयक्तिक लय पुसून टाकतात.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. त्यांच्या चित्रांतील अनेक आकार रंग लावून नव्हे, तर रंग उचलून तयार झालेले आहेत. कागदाचे फाडलेले वा कापलेले तुकडे रंगाच्या पृष्ठावर ठेवायचे, त्यांवरून रोलर फिरवायचा आणि मग ते उचलायचे, अशी एक पद्धत ते वापरीत. तुकडा उचलला की त्याच्या जागी रंगाचा असमान ठसा उरतो : कोठे रंग निघून गेलेला, कोठे साचलेला, कडा कुठे स्पष्ट तर कुठे विरलेल्या. त्यामुळे हे आकार लिहिलेल्या अक्षरासारखे भासतात, परंतु ते कोणत्याही लिपीत वाचता येत नाहीत. शिलालेखावरील झिजलेल्या खुणांची आठवण त्यांनी व्हावी, पण अर्थ हाती लागू नये, असे त्यांचे स्वरूप असते.

येथे हस्तक्रिया नाहीशी झालेली नसून तिची दिशा पालटली आहे. रूढ फटकाऱ्यात हात पृष्ठाकडे जातो व तेथे काही ठेवतो. गायतोंडे यांच्या पद्धतीत निर्णायक क्षण हात पृष्ठापासून दूर येण्याचा, म्हणजे काढून घेण्याचा असतो. तुकडा उचलेपर्यंत खाली नेमके काय उमटले आहे हे चित्रकारालाही पूर्णपणे दिसत नाही. योगायोगाला येथे वाव आहे. परंतु उमटलेली खूण ठेवायची, पुढील थराखाली बुडवायची की खरवडून टाकायची, हा निर्णय सर्वस्वी चित्रकाराचा असतो. घडू देणे आणि निवडणे या दोन क्रियांचा हा संयोग आहे. 'हे कोणालाही जमेल' या आक्षेपाचे उत्तर येथेच सापडते. ठसा कोणालाही उमटविता येईल; शंभर ठशांतील कोणता एक राहू द्यावा आणि कोठे थांबावे, हे कोणालाही जमणारे नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आडवे कॅनव्हास सोडून उभ्या कॅनव्हासकडे वळणे हेही या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. आडव्या चौकटीत आडवा पट्टा आला की डोळा तत्काळ क्षितिज व समुद्र यांची कल्पना करतो. सत्तरच्या दशकातील त्यांचे अनेक कॅनव्हास सुमारे ७० इंच उंच व ४२ इंच रुंद आहेत. ही मापे उभ्या मनुष्यदेहाशी जवळीक साधणारी आहेत. अशा चित्रापुढे प्रेक्षक खिडकीतून देखावा पाहत नाही. तो कोणासमोर तरी उभा असल्यासारखा त्याच्या समोरासमोर येतो.

अंबादास : एक तुलना

गायतोंडे यांची ही निवड किती विशेष होती, हे त्यांच्याच पिढीतील दुसऱ्या एका महाराष्ट्रीय चित्रकाराशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. अंबादास खोब्रागडे (१९२२–२०१२) यांचा जन्म अकोल्याचा. शिक्षण मुंबईच्या त्याच कलाशाळेतले. विणकर सेवा केंद्रात त्यांनी काही काळ काम केले. १९६२ साली भावनगर येथे स्थापन झालेल्या 'ग्रुप १८९०' या बारा कलावंतांच्या गटाचे ते सदस्य होते. या गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत भरले. त्याचे उद्घाटन पंडित नेहरू यांनी केले, तर मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पाझ यांनी त्यासाठी प्रास्ताविक लेख लिहिला. १९७२ साली, म्हणजे गायतोंडे दिल्लीस गेले त्याच वर्षी, अंबादास नॉर्वेला गेले व तेथेच स्थायिक झाले.

अंबादास यांच्या तैलचित्रांत हस्तक्रिया लपविलेली नाही. तीच चित्राचा विषय आहे. रुंद, वळणदार, एकमेकांत गुंतणारे फटकारे संपूर्ण पृष्ठभर वाहतात. प्रत्येक फटकाऱ्याच्या अंगात बारीक रेघांची शिरा-शिरांसारखी रचना दिसते. पिसाचे तंतू किंवा लाकडाचा कस असावा तशी. रंगाचा पातळ प्रवाह आणि त्याला होणारा प्रतिरोध यांतून ही रचना सिद्ध होते. प्रेक्षकाला हाताचा वेग, त्याचे वळण, त्याचे थबकणे हे सर्व वाचता येते.

दोघेही वस्तुनिरपेक्ष चित्रकार. दोघांचेही माध्यम तैलरंग. तरीही एकाच्या चित्रात हाताचा प्रवास दिसतो, तर दुसऱ्याच्या चित्रात हात निघून गेल्यानंतरची शांतता दिसते. यावरून 'अमूर्त चित्रे सर्व सारखीच' हा समज किती अपुरा आहे, हे लक्षात येते. पुढील पिढीतील प्रभाकर कोलते (जन्म १९४६) यांच्या चित्रांत या दोन टोकांमधील आणखी एक शक्यता आढळते. एका प्रबळ रंगाचे विस्तीर्ण क्षेत्र, आणि त्याच्या आवरणातून डोकावणारे खालच्या थरांतील आकार, ओघळ व खुणा, अशी त्यांची रचना असते. तेथे हात झाकला जातो, पण पूर्णपणे नाही.

१९८४ नंतर : हाताचे पुनरागमन

१९८४ साली दिल्लीत झालेल्या रस्ता अपघातात गायतोंडे यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हासपुढे उभे राहून रोलर व नाइफ चालविण्याइतकी शारीरिक क्षमता त्यांच्यात उरली नाही. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी कॅनव्हासवर काम केले नाही. हस्तक्रियेचा अभ्यास करताना या घटनेकडे केवळ चरित्रातील एक दुःखद प्रसंग म्हणून पाहून चालणार नाही. कारण चित्रकाराचा हात ज्या देहाचा भाग असतो त्या देहावरच येथे मर्यादा आली होती.

या काळात, विशेषतः १९८५ ते १९८७ च्या दरम्यान, त्यांनी लहान आकाराच्या कागदांवर शाईने रेखाटने केली. शाईच्या माध्यमात थर देण्याची, खरवडण्याची वा उचलण्याची सोय नसते. कागदावर शाई टेकली की ती शोषली जाते; झालेली रेषा परत घेता येत नाही. अडीच दशके ज्या चित्रकाराने आपला हात थरांखाली झाकून ठेवला, त्याच्या हाताची हालचाल या रेखाटनांत उघडपणे समोर येते. छोट्या, तुटक, लिपीसदृश खुणा. त्यांच्यामध्ये पुष्कळसा कोरा कागद. कॅनव्हासवर कागदाचे तुकडे उचलून जे आकार उमटत होते त्यांचेच नाते या खुणांशी आहे, हे दोन्ही एकत्र पाहिल्यावर जाणवते. मोठ्या चित्रांतही हात होताच, हे या छोट्या कागदांमुळे मागे वळून पाहताना कळते.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते कॅनव्हासकडे परतले. नव्वदच्या दशकातील चित्रांत थरांचे दाट धुके काहीसे निवळलेले, रंग अधिक उजळ आणि खुणा अधिक सुट्या व स्पष्ट झालेल्या दिसतात. शाईच्या रेखाटनांचा अनुभव या बदलामागे असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आक्षेप व गैरसमज

गायतोंडे यांच्या चित्रांच्या आस्वादात तीन अडथळे प्रामुख्याने येतात.

पहिला अडथळा देखावा शोधण्याचा. राखी-निळ्या कॅनव्हासपुढे नाशिकच्या प्रेक्षकाला गोदाकाठचे पहाटेचे धुके आठवणे स्वाभाविक आहे, जसा मुंबईच्या प्रेक्षकाला समुद्र आठवतो. ही आठवण चुकीची नव्हे. परंतु ती चित्राचा अर्थ नव्हे. आठवण आल्यावर 'हे धुके' असे ठरवून पाहणे थांबले, तर चित्र तेथेच संपते.

दुसरा अडथळा अध्यात्माचा. त्यांच्या चित्रांविषयी लिहिताना 'मौन', 'शून्य', 'ध्यान' हे शब्द इतक्या सहजतेने वापरले जातात, की प्रत्यक्ष पृष्ठावर काय आहे याचे वर्णन मागे पडते. चित्रापुढे शांत वाटते हे खरे. पण ती शांतता थर, प्रतीक्षा, खरवडणे आणि निवड या श्रमातून आलेली आहे.

तिसरा अडथळा किमतीचा. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात त्यांच्या १९७९ सालच्या एका चित्राला २३.७ कोटी रुपये, तर डिसेंबर २०१५ मध्ये १९९५ सालच्या चित्राला २९.३ कोटी रुपये मिळाले. तेव्हापासून वृत्तपत्रांत त्यांचे नाव प्रायः आकड्यांसह येते. ज्याने आयुष्यभर मोजकी चित्रे केली आणि प्रसिद्धीपासून दूर राहणे पसंत केले, त्या चित्रकाराची ओळख किमतीने व्हावी, हा विपर्यास म्हटला पाहिजे. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. या संग्रहालयाचे मूळ नाव 'म्यूझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग' असे होते, हा योग अर्थपूर्ण आहे. मराठीत 'चिन्ह' प्रकाशनाने २०१६ साली 'गायतोंडे' हा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांच्याविषयीची मोठी उणीव भरून काढली.

चित्र पाहण्याची रीत

वरील विवेचनाच्या आधारे अमूर्त चित्रापुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकास काही प्रश्न सुचविता येतील. 'हे कशाचे चित्र?' याऐवजी 'हे कसे झाले?' असा प्रश्न प्रथम विचारावा. रंग लावला आहे, ओतला आहे की उचलला आहे? सर्वांत खालचा रंग कोणता असावा, आणि तो कोठे वर आला आहे? कडा कोठे तीक्ष्ण आहे, कोठे विरली आहे? दहा फुटांवरून दिसणारा रंग दोन फुटांवरून तोच राहतो काय? हात कोठे वेगाने गेला, कोठे थांबला? यांपैकी कोणत्याही प्रश्नासाठी विशेष ज्ञानाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वेळेची.

जलरंगाची जाण असलेल्या नाशिकच्या रसिकास तर हे अधिक सुकर व्हावे. ओल्या कागदावर रंग सोडल्यानंतर पाणी त्याला कोठे नेईल हे चित्रकार पूर्णपणे ठरवू शकत नाही. तरी कोठे सोडायचे आणि केव्हा थांबायचे हे तोच ठरवितो. घाटाच्या चित्रातील आकाशाचा तो एक ओला हात आणि गायतोंडे यांच्या कॅनव्हासवरील उचललेला ठसा यांच्यात जातीचा भेद नाही. घाटाच्या चित्रात त्या हाताकडे लक्ष जात नाही, कारण खाली घाट असतो. वस्तुनिरपेक्ष चित्रात घाट काढून घेतलेला असतो आणि हातच तेवढा उरतो.

निष्कर्ष

१. गायतोंडे यांच्या चित्रांत रंग हा वस्तूचा गुणधर्म म्हणून येत नाही. तो पारदर्शक व अपारदर्शक थरांच्या परस्परसंबंधातून निर्माण होतो.

२. त्यांच्या चित्रांत हस्तक्रियेचा अभाव नाही. रंग ठेवण्याऐवजी तो उचलणे, झाकणे व खरवडणे या रूपांत ती कार्य करते. अंबादास यांच्या उघड फटकाऱ्यांशी तुलना केल्यास हे वेगळेपण ठळक होते.

३. १९८४ च्या अपघातानंतरच्या शाईच्या रेखाटनांत ही हस्तक्रिया प्रत्यक्ष दृग्गोचर होते. त्यामुळे ही रेखाटने दुय्यम नसून आधीची चित्रे समजून घेण्याची किल्ली ठरतात.

४. योगायोग आणि निवड यांचा संयोग हे या चित्रनिर्मितीचे मूलतत्त्व असून 'कोणालाही जमेल' हा आक्षेप निवडीच्या बाजूकडे दुर्लक्ष केल्यामुळे उद्भवतो.

५. संकल्पचित्र, पैठणीचा धूपछाव पोत आणि जलरंग यांच्या परिचयामुळे मराठी प्रेक्षकापाशी वस्तुनिरपेक्ष चित्र पाहण्याची पूर्वतयारी असतेच. कलाशिक्षणात या परिचित अनुभवांचा आधार घेतल्यास अमूर्त चित्रकलेविषयीचा दुरावा कमी होण्यास निश्चितच मदत होईल.